परत आलेला शिपाई

युद्धावरील वाङ्मय जगांत विपुल आहे. परंतु युद्धाहून परत आलेल्या मनुष्याच्या पोटापाण्याविषयीं लिहिणारे ग्रंथकार फार थोडे. होमरच्या महाकाव्यांतील ओडिसियस वीस वर्षांनीं घरीं येतो खरा, पण त्यास नोकरी शोधावी लागत नाहीं. राज्य त्याचेंच असतें. घरांत शिरलेल्या उपटसुंभांस मारलें कीं त्याचा संसार पूर्ववत् सुरू होतो. सामान्य शिपायाचें असें नसतें. त्याच्या गैरहजेरींत त्याची जागा दुसऱ्यानें घेतलेली असते, आणि त्या दुसऱ्यावर कांहीं बाण सोडतां येत नाहीं. अशा मनुष्याची कथा सांगण्याचा जो एक गंभीर प्रयत्न आमच्या पाहण्यांत आला, त्याचें परीक्षण येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तो प्रयत्न म्हणजे विल्यम वायलर यांचा 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज' हा १९४६ सालचा अमेरिकन बोलपट. बोलपटाचा विचार वाङ्मयाच्या पानांत कशासाठीं, असें कोणी विचारील. तर त्याचें मूळ मॅकिन्ले कँटर यांच्या 'ग्लोरी फॉर मी' (१९४५) ह्या निर्यमक पद्यांत लिहिलेल्या कादंबरींत आहे, व पटकथाकार रॉबर्ट शेरवुड हे नामांकित नाटककार होते, एवढें उत्तर पुरे. शेरवुड पहिल्या महायुद्धांत लढलेले. वायलर दुसऱ्या महायुद्धांत हवाई दलासाठीं चित्रीकरण करतांना एका कानानें बहिरे झालेले. ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्याचा फुगीरपणा ह्या कृतींत आढळत नाहीं तो ह्यामुळेंच.

तीन शिपाई एकाच विमानानें आपल्या शहरीं परततात. अॅल स्टीफनसन हा युद्धापूर्वी बँकेंतील अधिकारी. पलटणींत तो सार्जंट होता. फ्रेड डेरी औषधांच्या दुकानांत सोडा व आइस्क्रीम देणारा पोऱ्या. हवाई दलांत तो कॅप्टन झाला. म्हणजे लष्करानें समाजाची उतरंड उलटी करून टाकली होती. शहरांत पाऊल टाकतांच ती पुन्हा पूर्ववत् होते: सार्जंटास बँक बढती देते, आणि कॅप्टन आठवड्यास साडेबत्तीस डॉलरांवर त्याच दुकानांत, पूर्वी आपल्या हाताखालीं असलेल्या मनुष्याच्या हुकमतीखालीं उभा राहतो. नेम धरून बॉम्ब टाकण्याची विद्या दुकानांत काय कामाची? ह्या एका विपर्यासांत नाटकाचें सारें बीज आहे, आणि तें कोणाच्याही तोंडीं भाषण न घालतां लेखकानें पेरलें आहे. फ्रेडच्या पत्नीस तो गणवेषांतच आवडतो, साध्या कोटांत नाहीं, हा तपशील तर मर्मभेदक आहे. पुढें तिला उथळ ठरवून फ्रेडचा दुसऱ्या मुलीशीं प्रणय जुळविला आहे. ती मात्र सोयीची युक्ति झाली. एवढा सुजाण लेखकही येथें प्रेक्षकांच्या टाळ्यांस भुलला, असें म्हणावें लागतें.

तिसरा होमर पॅरिश, दोन्ही हात गमावून आंकड्यांनीं काम करणारा खलाशी. ही भूमिका हॅरल्ड रसेल यांनीं केली. त्यांचे हात १९४४ सालीं शिक्षणछावणींत स्फोटकांच्या अपघातांत खरोखरच गेले होते. होमर आपल्या वाग्दत्त वधूस रात्रीं खोलींत नेऊन, आंकड्यांचा साज उतरविल्यावर आपण किती पराधीन होतों हें दाखवितो. दार मिटलें तर तें उघडण्याचीही आपणांस शक्ति नाहीं, असें शांतपणें सांगतो. ती पुढें होऊन त्याच्या अंगरख्याच्या गुंड्या लावते. करुणरसाची एवढी संयमित योजना आम्हांस रंगभूमीवर क्वचित्च आढळली आहे. रडणें नाहीं, वाद्यांचा कल्लोळ नाहीं. ह्या भूमिकेबद्दल रसेल यांस दोन ऑस्कर मिळालीं. परंतु वायलर यांनीं त्यांस नटाचा धंदा न धरतां कॉलेजांत परत जाण्याचा सल्ला दिला, व तो त्यांनीं मानला. पुढें माजी सैनिकांच्या एका मोठ्या संघटनेचे ते प्रमुख झाले. वायलर यांस आपला विषय किती कळला होता, हें त्या सल्ल्यावरूनच दिसतें.

आतां दोषाकडे वळूं. अॅलकडे एक शिपाई येतो. त्यास चाळीस एकर जमीन घ्यावयाची आहे, पण तारण कांहीं नाहीं. अॅल त्याच्या चेहऱ्याकडे, हातांकडे पाहतो आणि कर्ज मंजूर करतो. ह्या प्रसंगाची आम्हीं मनसोक्त तारीफ केली असती, पण त्याच्या खालीं दडलेला प्रश्न लेखकानें विचारलाच नाहीं: तारणाऐवजीं चेहरा पाहावयाचा, तर कोणाचा चेहरा? १९४४ च्या कायद्यानें अमेरिकन सरकारनें परतलेल्या सैनिकांस शिक्षणाचा खर्च, बेकारीभत्ता व कर्जास हमी दिली, आणि सुमारें २२ लाख सैनिक त्या बळावर कॉलेजांत गेले. परंतु कर्ज द्यावयाचें कीं नाहीं हें गांवोगांवच्या बँकांच्या हातीं राहिलें. मिसिसिपी संस्थानांत १९४७ पर्यंत अशीं तीन हजारांहून अधिक कर्जें मंजूर झालीं. त्यांपैकीं कृष्णवर्णी सैनिकांच्या वांट्यास आलीं अवघीं दोन. बोलपट पडद्यावर आला त्याच वर्षीं, फेब्रुवारींत, आयझॅक वुडर्ड नांवाचा कृष्णवर्णी सार्जंट सेवामुक्त होऊन कांहीं तासांतच, अंगावर गणवेष असतांना, दक्षिण कॅरोलायनांत पोलिसांच्या मारानें दोन्ही डोळ्यांस मुकला. एकाही कृष्णवर्णी शिपायाची कथा ह्या बोलपटांत नाहीं. हें केवळ एक पात्र राहून गेलें, असें म्हणून भागत नाहीं. उतरंड उलटण्याचा जो विषय लेखकानें हातीं घेतला, तो सर्वांत तीव्र जेथें होता तेथेंच त्यानें पाठ फिरविली.

हा आक्षेप आम्ही दुरून घेत आहों असें वाचकांनीं समजूं नये. आमच्याच कोंकणांत, कँप दापोलीस, मुंबई इलाख्याच्या पलटणींतून पेन्शन घेतलेल्या महार शिपायांची वस्ती होती. पलटणींत ह्या मनुष्यास कवाईत शिकवीत, लिहावयास वाचावयास शिकवीत, हवालदार नि सुभेदार करीत. पेन्शन घेऊन परतला कीं गांवचा पाणवठा त्यास पुन्हा बंद. फ्रेड डेरीचें दुःख ह्यापुढें फारच सौम्य वाटतें, कारण त्याची पदवी गेली तरी त्याच्या सावलीचा कोणी विटाळ मानीत नव्हतें. गोपाळबुवा वलंगकर १८८६ सालीं निवृत्त होऊन दापोलीस राहिले. त्यांनीं ना दुकान काढलें, ना शेत घेतलें. पलटणींत मिळालेली लेखणी उचलली. १८८८ सालीं त्यांचें 'विटाळ विध्वंसन' निघालें, आणि महारांची भरती बंद झाल्यावर १८९४ सालीं त्यांनीं सरकारकडे करावयाच्या अर्जाचा मसुदा तयार केला. सुभेदार रामजी सकपाळ यांनीं लष्करी शाळेंत मास्तरकी केली होती. पेन्शनींत आल्यावर त्या विद्येचा उपयोग घरांतील मुलांवर झाला, आणि त्यांच्या धाकट्या मुलानें पुढें काय केलें हें सांगावयास नको.

ह्या दापोलीच्या सैनिकांकडे पाहून मग त्या बोलपटाचा शेवट पाहावा. फ्रेड भंगारांत उभ्या केलेल्या विमानांच्या रांगांतून हिंडतो, एका विमानाच्या नाकांत जाऊन बसतो, आणि बाहेर येतो तों त्यास तीं विमानें मोडण्याचें काम मिळतें; त्यांच्या पत्र्यांतून घरें व्हावयाचीं आहेत. योगायोग उघड आहे, तथापि दृश्य विलक्षण समर्थ आहे, आणि एरव्हीं आम्हीं तेथें टीका आंवरती घेतली असती. परंतु त्या घरांपैकीं कित्येकांच्या आळींत वुडर्डसारख्या सार्जंटास बिऱ्हाड मिळालें नसतें, हें ठाऊक झाल्यावर पत्रा मोडण्याचा तो आवाज आमच्या कानांस पहिल्यासारखा गोड लागत नाहीं.