शब्दकोश आणि शिक्षकाची तांबडी शाई

आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याने निबंधात 'माड' हा शब्द योजिला होता. शिक्षकाने तो खोडून 'नारळाचे झाड' असे लिहिले. ती वही पाहून आम्हांस दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे स्मरण झाले. १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघालेल्या या कोशास १९५० साली पुरवणी जोडली गेली. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीत मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीतून मिळतो. येथे तो मराठीतून, जुन्या ग्रंथांतील अवतरणांसह मिळतो. प्रांतिक शब्दांनाही त्यांच्या प्रदेशाच्या खुणेसह येथे स्थान आहे. 'माड' अर्थातच आहे.

उणीव सांगावयाची तर १९५० नंतरची भाषा या कोशात नाही. म्हणून कोशात नसलेला प्रत्येक शब्द अशुद्ध ठरविणे हाही अन्यायच होईल. आज हा कोश शिकागो विद्यापीठाच्या संगणकीय संग्रहात विनामूल्य पाहावयास मिळतो. ग्रंथ दुर्मिळ असल्याची सबब आता उरलेली नाही.

महाराष्ट्राबाहेरील मुलास शाळेतच आपली घरची मराठी चुकीची वाटू लागली, तर तो ती फार दिवस बोलणार नाही. तांबडी शाई उचलण्यापूर्वी शिक्षकबंधूंनी कोश उघडावा, एवढीच आमची विनंती आहे.