घरगुती व्हिडिओंतील जन्माचे रूपक

बौद्ध कुटुंबांनी स्वतः चित्रित केलेले व्हिडिओ आता यूट्यूबवर विपुल आढळतात. नामकरण, मंगल परिणय, गृहप्रवेश, 14 एप्रिलची मिरवणूक, दीक्षाभूमीचा प्रवास असे त्यांचे विषय. चित्रण पुष्कळदा कच्चे असते; त्याविषयी आमची तक्रार नाही. आमचा विषय त्यांतील अलंकारिक भाषा हा आहे.

या भाषेत नात्यांच्या रूपकांचे प्राबल्य दिसते. बाबासाहेब बाप, रमाई नऊ कोटींची माय आणि बोलणारे कुटुंब भीमाची लेकरे. ज्यांच्या पूर्वजांना गावाने नावाऐवजी जातीने हाक मारली, त्यांनी आपला बाप स्वतः निवडावा, यात मोठे सामर्थ्य आहे. परंतु पुढे जेव्हा 'रक्तातच भीम आहे', 'वाघाच्या पोटी वाघच' अशी भाषा येते, तेव्हा आम्हांस थांबणे भाग पडते. बाप मानता येतो, रक्त मानता येत नाही. ते जन्मानेच मिळते. श्रेष्ठत्व रक्तातून येते असे एकदा म्हटले की चातुर्वर्ण्याचा मूळ युक्तिवादच आपण मान्य केला.

अग्गञ्ञसुत्तातील वासेट्ठ व भारद्वाज हे जन्माने ब्राह्मण. संघाकडे वळल्याबद्दल स्वजातीय त्यांची निर्भर्त्सना करतात. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, हा त्यांचा दावा. ब्राह्मण स्त्रियाही इतर स्त्रियांप्रमाणेच गर्भ धारण करतात व प्रसवतात, हे तथागत प्रथम दाखवून देतात. पण तेवढ्यावर न थांबता ते मुखातून जन्मण्याचे तेच रूपक उचलतात आणि श्रावकांना लावतात. जो धम्मातून जन्मला, तो धम्माचा वारस. रूपक राहिले, त्यातील रक्त मात्र गळून गेले.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांतही नव्या जन्माची भाषा आहे. तो जन्म प्रौढ माणसांचा होता, स्वेच्छेचा होता. घराघरांत हे रूपक तयार असताना व्हिडिओंत ते आमच्या पाहण्यात क्वचितच आले; वाघ मात्र पदोपदी भेटतो. (मिरवणुकीत तो शोभतोही.) नामकरणाच्या व्हिडिओत तरी आजीने नातवाला आपल्या त्या दुसऱ्या जन्माची हकीकत सांगावयास हवी.

मज्झिमनिकायातील अंगुलिमालाला प्रसूतिवेदनांनी व्याकूळ झालेली स्त्री दिसते. 'आर्य जन्म झाल्यापासून मी जाणूनबुजून कोणाची हिंसा केलेली नाही' अशा आशयाचे सत्यवचन तथागत त्याला उच्चारावयास सांगतात. हा जन्म म्हणजे त्याची प्रव्रज्या. थेरवादी देशांत गर्भवतीसाठी हेच परित्त म्हटले जाते.