ज्यूरीतील वाचक

संहितेचा अर्थ वाचकात सिद्ध होतो, असे म्हणणारी समीक्षा त्या वाचकाची पात्रता क्वचितच तपासते. न्यायालयाला ही तपासणी टाळता येत नव्हती. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीतील व्यक्तीस हरकत घेण्याची जी कारणे होती, त्यांत पक्षपाताबरोबर पुराव्याच्या भाषेचे अज्ञानही होते. मात्र पुराव्याचे भाषांतर होत असेल, तर भाषांतराची भाषा कळली की पुरे! मूळ संहितेशी संबंध नसलेला वाचकही मग पात्र ठरे.

१९०८ साली ‘देशाचे दुर्दैव’ व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या ‘केसरी’तील लेखांवर राजद्रोहाचा खटला चालला. मराठी लेखांचा न्याय युरोपीयबहुल खास ज्यूरी भाषांतरावरून करणार, ही बॅप्टिस्टांची हरकत न्या. दावर यांनी मानली नाही. सात युरोपीय आणि दोन पारशी बसले. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची जी प्रदीर्घ उलटतपासणी घेतली, ती वस्तुतः ज्यूरीलाच विचारता न आलेल्या प्रश्नांची होती. आपल्याकडे शैलीविचाराचा इतका जिवावरचा प्रसंग दुसरा नसावा. निर्णय सात विरुद्ध दोन. शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची.

‘तुम्ही निःपक्षपाती आहात काय?’ या प्रश्नाला एकच उत्तर संभवते, म्हणून तो निरुपयोगी. कोणते पत्र वाचता, कोणत्या भाषेतली शिवी झोंबते, हे विचारले तर काही हाती लागेल. अमेरिकेतील न्यायालयांत अशी प्रश्नोत्तरे रूढ आहेत. इथे ती रुजली नाहीत.

नांदेड-लातूरच्या वाचकाला यातील भाषेचा पेच नवा नाही. १९४८पर्यंत निजामी राज्यात न्यायालयीन व्यवहार उर्दूत चाले. मराठी माणसाचे गाऱ्हाणे परभाषेत उतरल्यावरच कागदावर येई. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे लेखन श्रोत्याच्या पूर्वग्रहालाच आधी हात घालते, त्याला ही पार्श्वभूमी आहे असे म्हणण्यास जागा आहे.

परंतु भाषेची जवळीक पुरेशी मानणेही भाबडेपणाचे. १९५९च्या नानावटी खटल्यात भाषेची अशी अडचण नव्हती. अडचण होती ती ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आधीच रंगवून ठेवलेल्या कथेची. आठ विरुद्ध एक मताने ज्यूरीने आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले आणि तेथे तो दोषी ठरला. संस्कृत काव्यशास्त्राने गौरविलेला सहृदय तो हाच काय? टिळकांच्या ज्यूरीला संहिता परकी होती, नानावटींच्या ज्यूरीला ती फारच आपली वाटली.