स्वयंवरानंतरची रुक्मिणी

नवरात्रात अमरावतीला अंबादेवीच्या रांगेत उभं राहिलं, की मागेपुढे कुणीतरी मुलांना गोष्ट सांगत असतंच. शिशुपालाशी ठरलेलं लग्न, हट्टाला पेटलेला थोरला भाऊ रुक्मी, ब्राह्मणाच्या हाती गुपचूप धाडलेलं पत्र, आणि लग्नाआधी देवीच्या दर्शनाला आलेली रुक्मिणी, जिला कृष्णाने इथूनच रथात घेतलं. एकदा माझ्या पुढच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने आजीला विचारलं, "मंग काय झालं तिचं?" आजी म्हणाली, "काय होते माय, लगन झालं." रांग पुढे सरकली.

मराठीतली कुमार-किशोर कादंबरी आज कुठे उभी आहे, याचा विचार करताना मला तो प्रश्न आठवतो. आपलीही गोष्ट लग्नापाशी थांबते. त्यात आजीचा दोष नाही. एकनाथांचं 'रुक्मिणीस्वयंवर' १५७१ साली पुरं झालं. अठरा प्रसंगांची ती पोथी उपवर मुलींनी चांगलं स्थळ मिळावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाचली. पोथीला हळदकुंकू वाहिलं, लाल फडक्यात बांधली आणि फळीवर ठेवली. पुढे काय झालं ते त्या फडक्याबाहेरच राहिलं.

भागवताच्या दशम स्कंधात ते सगळं आहे. रुक्मिणीचा पहिला मुलगा प्रद्युम्न. दहा दिवसांचाही झाला नव्हता, तेव्हा शंबरासुराने त्याला पळवून समुद्रात टाकलं. तो पुरता तरुण होऊन परत आला आणि समोर उभा राहिला, तेव्हा ओळख पटण्याआधीच तिला पान्हा फुटला. मधली सगळी वर्षं ती कशी जगली, याकडे भागवत फारसं पाहत नाही. मग रुक्मी. हरणाच्या वेळी तिने गयावया केली म्हणून त्याचा जीव वाचला, पण कृष्णाने त्याला विद्रूप केलं. तो कौंडिण्यपूरला, रुक्मिणीच्या माहेरी, परतलाच नाही, भोजकटाला राहिला. आपल्याकडे लोक भातकुलीलाच भोजकट म्हणतात. पुढे रुक्मिणीच्याच नातवाच्या, अनिरुद्धाच्या लग्नात, द्यूताच्या भांडणात बलरामाने त्याला ठार मारलं. लग्नघरात भाऊ मेला आणि मारणारा दीर. भागवत सांगतं, की कृष्ण त्यावर बरं-वाईट काहीच बोलला नाही, कारण बायको आणि भाऊ दोघांनाही त्याला दुखवायचं नव्हतं. नवऱ्याच्या त्या गप्प बसण्यावर एक अख्खी कादंबरी उभी राहील. आणि पंढरपूरच्या परंपरेत तर ती रुसून दिंडीरवनात येऊन बसते, तो तिला शोधत येतो, आणि आजही दोघांची देवळं वेगळी आहेत. प्रेम, वियोग, शोक, रुसवा आणि त्यातून सावरणं, सगळं एकाच बाईच्या गोष्टीत आहे, आणि तिचं माहेर वर्धा नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात आहे.

मग लिहिलं काय गेलं? मुलांसाठीचं मराठी लेखन साहसात आणि शाळेत रमलं आणि तिथे ते उत्तम आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने तीन पिढ्या वाचत्या केल्या. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर'ने गावोगावच्या शाळांत चांगलं गद्य पोचवलं. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०२४ साली भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण मोठ्यांसाठी इतकं गंभीर लिहिणारा लेखक मुलांकडे वळला. पण चौदा ते अठरा या वयासाठी आपल्याकडे नीटसं कपाटसुद्धा नाही. वाचनालयात बालविभाग संपतो आणि थेट 'मृत्युंजय' सुरू होते.

'मृत्युंजय' (१९६७) आणि 'ययाति' (१९५९) याच आपल्या पंधरा वर्षांच्या वाचकाच्या कादंबऱ्या ठरल्या. लेखकांनी त्या त्यांच्यासाठी लिहिल्या नव्हत्या. मीही दहावीच्या सुट्टीत 'मृत्युंजय' वाचताना रडलो आहे आणि त्या रडण्याचं मोल मला कमी करायचं नाही. तरी आज वाचताना जाणवतं, की तिथे दुःखाला लगेच तेज चढतं, ते अभिमान होऊन बोलू लागतं. पोरक्या मुलाला असं तेजस्वी दुःख वाचून धीर येतो, हे खरं. पण आपलं साधं, बेढब, रात्री उशीत तोंड खुपसून केलेलं दुःख त्याला त्यात सापडत नाही. 'मृत्युंजय'कार सावंतांच्याच 'युगंधर'मध्ये रुक्मिणी स्वतः बोलते. पानंच्या पानं बोलते. पण तिची नजर सतत कृष्णावर असते. प्रद्युम्न नसलेल्या रिकाम्या खोलीत ती फार वेळ थांबत नाही. त्या मानाने अरुणा ढेरे यांचा 'कृष्णकिनारा' लहानसा आहे, आवाज खाली ठेवून लिहिलेला आहे. राधा, कुंती, द्रौपदी या तिघींना त्याने थांबून ऐकलं. अकरावीतल्या मुलीच्या हाती द्यायला पुराणकथेवरचं याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

शोक मराठी मुलांना परका नाही. 'श्यामची आई' (१९३५) हे आपलं सर्वांत लाडकं पुस्तक मुळात गेलेल्या आईची आठवण आहे. आश्रमात मित्रांना बसवून रात्रीमागून रात्री ती सांगत गेल्याने श्याम सावरतो. प्रकाश नारायण संतांच्या लंपनला सुमीची ओढही आहे आणि वडिलांचा मृत्यूही, आणि दोन्हींबद्दल तो एकाच गोंधळलेल्या, खऱ्या भाषेत बोलतो. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'ने (२००४) नववीतल्या प्रेमाला पहिल्यांदा पूर्ण लांबीची कादंबरी दिली. म्हणजे प्रेम आहे, शोक आहे, पुराणही आहे, पण तिन्ही वेगवेगळ्या घरी नांदतात. ती एका घरात आणणारी पुस्तकं आपली मुलं इंग्रजीत वाचतात. रोशनी चोक्षी या अमेरिकन लेखिकेच्या 'द स्टार-टच्ड क्वीन'ची (२०१६) नायिका भारत नावाच्या राज्याची राजकन्या आहे आणि तिचं प्रेम मृत्यूच्या राजावर आहे. पॅट्रिक नेसच्या 'अ मॉन्स्टर कॉल्स'मध्ये (२०११) आई कॅन्सरने जाणार हे कळलेल्या मुलाकडे रात्री एक झाडच राक्षस होऊन येतं आणि त्याला गोष्टी सांगतं. ही पुस्तकं मी इथल्या मुलांच्या दप्तरात पाहिली आहेत. त्यांनी ती वाचावीत. फक्त आपल्या अंगणातलं झाड त्यांच्याशी कधी बोललं नाही, याची मला खंत आहे.

अकोल्याचंच पाहा. राजराजेश्वराच्या देवळाची गोष्ट गॅझेटियरातही नोंदली गेली आहे. अकोलसिंगाची राणी रोज मध्यरात्री पूजेला जायची. ती कुणा प्रियकराला भेटायला जाते, असा संशय येऊन अकोलसिंग तलवार घेऊन मागोमाग गेला. ते कळताच तिने पिंडीला मिठी मारून आपल्याला पोटात घेण्याची विनवणी केली. पिंड दुभंगली, ती आत गेली, पिंड मिटली आणि लुगड्याचं टोक तेवढं बाहेर राहिलं. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन शेकडो पोट्टे अनवाणी याच देवळाकडे चालत येतात. खांद्यावर कावड, पायाला फोड, ढोलताशांचा आवाज. त्यांच्या वयाच्या मुलींवर आजही घरात हाच संशय घेतला जातो, मोबाइल तपासला जातो. लुगड्याचं ते टोक हातात धरून बसलेला अकोलसिंग, आपण काय केलं हे कळलेला, ही सतरा वर्षांच्या मुलग्यासाठीची कादंबरी आहे. मुलींच्या दुःखावर लिहायला लोक तयार होतात. पश्चात्ताप करणारा मुलगा लिहिणं अवघड, आणि गरज त्याचीच जास्त आहे.

आणि शोकातून गोष्ट कशी निघते हे वऱ्हाडाला कुणी बाहेरून शिकवायला नको. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर खचलेले त्यांचे शिष्य नागदेवाचार्य रिद्धपूरला स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्यापाशी आले. तिथेच म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी माणसामाणसांना विचारून गोळा केल्या आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस 'लीळाचरित्र' तयार झालं. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ सोडून गेलेल्या माणसाची आठवण आहे. त्याच रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या कौतुकात महदाइसेने धवळे रचले, विषय कृष्ण-रुक्मिणीचा विवाह. परंपरा तिला बालविधवा मानते. जिचं स्वतःचं लग्न मिटून गेलं, तिने रुक्मिणीचं लग्न गायलं, आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. आता रिद्धपुरात २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ आहे. तिथे हे ग्रंथ संशोधकांबरोबर कादंबरी लिहू पाहणाऱ्या तरुणांच्याही हाती दिले जावेत.

वऱ्हाडातलं आजचं दुःख तर प्रत्येक तालुक्यात आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आलं, त्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. बाप गेलेल्या घरांतली तेव्हाची लेकरं आता मोठी झाली, त्यांच्या मागे नवी आली. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ने (२००२) त्या घरातल्या शिकलेल्या तरुण पोराला आवाज दिला. त्या आधी उद्धव शेळके यांनी 'धग'मध्ये वऱ्हाडी बोलीतून कौतिकचं सोसणं जगापुढे ठेवलं. दोन्ही थोर कादंबऱ्या आहेत, आणि दोन्ही वाचकाला जळत्या जागी सोडून देतात. मोठ्या वाचकाला ते पेलतं. पंधराव्या वर्षी बाप गमावलेल्या मुलाला पुढचं पानही हवं असतं: ज्यात कोणीतरी शाळेत परत जातं, परत हसतं आणि हसल्याची लाज वाटून घेत नाही.

गोष्टीतून धीर देण्याची ही रीत महाभारतातही आहे. वनवासात खचलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नल-दमयंतीची गोष्ट सांगतो, आणि दमयंती विदर्भाचीच राजकन्या. आपल्यासारखंच सोसलेल्या कुणाची तरी गोष्ट ऐकून माणूस सावरतो, हे त्या ऋषीला ठाऊक होतं.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या वर्षी चौदा ते अठरा वयासाठी एक दीर्घकथा मागवा, आणि ती अमरावती-अकोल्याच्या तिशीच्या आतल्या लेखकाकडून मागवा. वऱ्हाडी बोली छाटू नका. विषय सुचत नाही म्हणाला, तर अंबादेवीच्या रांगेतल्या त्या पोरीचा प्रश्न त्याला द्या: मंग काय झालं तिचं?