परक्या सरोवराकाठची शाळा

पर्यावरण शिकवायचे तर मुलांना पाण्याकाठी न्यावे, हे आता सर्वांनाच मान्य आहे. पण नुसते नेले म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. किती दिवस नेले, कोणत्या ऋतूत नेले आणि तिथे मोजलेल्या आकड्यांचे पुढे काय झाले, हे प्रश्न उरतातच. ते तपासण्यासाठी आम्ही एक नावाजलेले उदाहरण निवडले आहे : टांझानियातील किगोमा गावी १९९८ साली सुरू झालेला आणि सुमारे दशकभर चाललेला 'न्यान्झा प्रकल्प'. आफ्रिकेतील अनेक बांटू भाषांत न्यान्झा म्हणजे मोठा जलाशय. अमेरिकेच्या ॲरिझोना विद्यापीठातील भूवैज्ञानिक अँड्र्यू कोहेन यांच्या पुढाकाराने आणि तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या मदतीने अमेरिकन विद्यार्थी दर उन्हाळी सुट्टीत येथे येत. सरोवराकाठच्या देशांतील विद्यार्थीही त्यांच्याबरोबर काम करीत.

जागेची निवड अचूक होती. टांगानिका सरोवराची लांबी सुमारे ६७० किलोमीटर आणि कमाल खोली सुमारे १४७० मीटर आहे. खोलीत ते बैकलखालोखाल दुसरे. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांची सीमा त्याला लागते. त्यातील शेकडो जातींचे मासे आणि गोगलगायी जगात अन्यत्र कुठेही सापडत नाहीत. पण या प्रचंड पाण्यात ऑक्सिजन असतो तो फक्त वरच्या शंभर-दोनशे मीटरांत. त्याखाली अंधार आणि ऑक्सिजनविरहित पाणी. शैवालाला लागणारे नायट्रोजन-फॉस्फरस तिथे अडकून पडलेले असतात. वारा ते थोडेथोडे वर आणतो. त्यावर शैवाल वाढते, शैवालावर सूक्ष्म प्राणी, आणि त्यांच्यावर 'दगा' नावाची चिमुकली मासळी जगते. कोळी रात्री दिव्यांच्या उजेडात ती पकडतात. काठावरच्या लाखो लोकांच्या ताटातले प्रथिन ते हेच.

प्रकल्पाची जमेची बाजू आधी सांगायला हवी. येथे विद्यार्थ्यांना तयार उत्तराचे प्रयोग दिले जात नसत. प्रत्येकाने आपला प्रश्न निवडायचा, नमुने गोळा करायचे, त्यांचे पृथक्करण करायचे आणि शेवटी लेखी अहवाल द्यायचा. हे अहवाल दरवर्षी एकत्र काढले जात. पदवीच्या वर्गातल्या मुलाला आपले निरीक्षण कोणीतरी वाचणार आहे हे ठाऊक असले, की तो आकडे लिहिताना जपून लिहितो. आपल्या प्रयोगवह्यांत नेमकी हीच गोष्ट नसते.

आता उणिवा. पहिली उणीव ऋतूची. टांगानिकावर साधारण मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ. तेव्हा आग्नेयेकडून वाहणारे वारे पृष्ठभागाचे पाणी उत्तरेकडे ढकलतात आणि दक्षिण टोकाला तळचे पाणी वर येते. पाऊस पडतो तो साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळात; उघड्या उतारांवरची माती नद्यांतून सरोवरात येते तीही तेव्हाच. अमेरिकेची सुट्टी नेमकी कोरड्या काळात. म्हणजे ज्या गाळाने काठावरचे जीवन गुदमरते तो येताना पाहण्याची संधीच विद्यार्थ्यांना नव्हती. प्रकल्पाचे वेळापत्रक सरोवराने नव्हे, विद्यापीठाच्या दिनदर्शिकेने ठरवले होते. तळाच्या गाळाचे उभे नमुने काढून ही उणीव काही अंशी भरून निघते, कारण एकेका थरात गेली वर्षे साठलेली असतात. पण थर वाचणे आणि पुराचे तांबडे पाणी डोळ्यांनी पाहणे यांत फरक आहे.

दुसरी उणीव विषयांच्या आखणीची. प्रकल्प भूविज्ञान, सरोवरविज्ञान आणि जीवविज्ञान यांवर उभा होता. जंगल तुटलेल्या खोऱ्यांसमोर ऑस्ट्रॅकॉड या शिंपलेधारी सूक्ष्म प्राण्यांच्या जाती कमी आढळतात, हे कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालीच दाखवले होते. पण उतार नांगरला कोणी, आणि का? त्याच वर्षी बुरुंडीत यादवी पेटली, १९९६ मध्ये काँगोत युद्ध सुरू झाले आणि किगोमा परिसरात लाखो निर्वासित आले. सरपण आणि शेत ही त्यांची निकड होती. हा माणूस या तीन शाखांच्या चौकटीत मावत नाही. 'शाश्वत' हा शब्द वापरायचा तर त्याला चौकटीत घ्यावेच लागते. नाहीतर उरते ती केवळ उत्तम जीवगणना.

तिसरी उणीव आम्हाला सर्वांत मोठी वाटते. परदेशी अनुदान संपते, सरोवर संपत नाही. २००३ साली दोन संशोधक गटांनी टांगानिकाचे पाणी तापत असल्याचे प्रसिद्ध केले. वरचे पाणी तापले की ते हलके होते, खालच्या पाण्यात मिसळेनासे होते आणि तळची पोषकद्रव्ये वर येत नाहीत. कॅथरीन ओ'रायली यांच्या गटाने शैवालाचे उत्पादन सुमारे २० टक्क्यांनी घटले असावे आणि त्यामुळे मासळी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली असावी, असा अंदाज केला. हे तापणे सिद्ध कशाने झाले? १९१३ साली कोणीतरी तापमापक खोल सोडून आकडे लिहून ठेवले होते म्हणून! सरोवरविज्ञानात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे त्याच जागी, त्याच रीतीने, वर्षानुवर्षे घेतलेली नोंद. ती सुट्टीत येणाऱ्या पाहुण्याला घेता येत नाही. काठावर राहणाऱ्यालाच घेता येते. म्हणून अशा प्रकल्पाचे यश किती परदेशी विद्यार्थी पुढे डॉक्टरेट झाले यावर मोजू नये. प्रकल्प उठून गेल्यावरही मोजणी चालू ठेवणारी किती माणसे आणि साधने काठावर राहिली, यावर ते मोजावे.

येथेच आपल्या शाळेचा संबंध येतो. गावतळ्याकाठी राहणारे आपण आहोत. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने पाण्याची पारदर्शकता मोजायला पांढरी तबकडी वापरली. आज ती वीस सेंटिमीटर व्यासाची आणि काळ्या-पांढऱ्या चतकोरांची असते. पत्र्याचे झाकण, रंग, खाली बांधलेला दगड आणि दर दहा सेंटिमीटरला गाठ मारलेली दोरी एवढ्यावर ती होते. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी लिहावी. जोडीला तापमान आणि आदल्या आठवड्याचा पाऊस. मोजणी मोठ्यांच्या देखरेखीखालीच व्हावी. दर महिन्याला एकच दिवस, एकच वेळ, एकच जागा. पावसाळ्यातही खंड नको. वही वर्गाच्या नावे नव्हे, तळ्याच्या नावे ठेवावी, म्हणजे शिक्षक बदलून गेले तरी ती पुढच्यांच्या हाती जाईल. किगोम्याला जे सुट्टीच्या बेड्यांमुळे साधले नाही, ते या वहीला साधण्यासारखे आहे.