करुणेचा जवळचा शत्रु : दोन इंग्रजी ग्रंथांच्या निमित्तानें

स्वतःच्या दुःखाविषयीं लिहिण्याहून दुसऱ्याच्या दुःखाविषयीं लिहिणें कठीण असतें. आणि ज्या दुःखाच्या निवारणार्थ आपण वर्गणी गोळा करीत आहों, त्याविषयीं लिहिणें तर सर्वांत कठीण. लेखकाचा हात वहीवर असतो आणि डोळा वाचकाच्या खिशाकडे. परदेशी मिशनांचे जुने वार्षिक अहवाल ज्यांनीं चाळले असतील त्यांस या वाङ्मयाचा सांचा ठाऊक आहे. त्यांत दुष्काळ असतो, अनाथ बालक असतें, आलेल्या पैशाचा हिशेब असतो आणि अखेरीस अधिक पैशाची मागणी असते. बालकास नांव क्वचित् असतें. मत तर कधींच नसतें.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत याच जातीचें, पण बरेंच निराळ्या मनोवृत्तीचें एक वाङ्मय इंग्रजींत जन्मास आलें. त्याचे लेखक पाश्चात्य बौद्ध आहेत आणि त्याचा विषय महाराष्ट्रांतील बौद्ध समाज आहे. त्यांतील दोन ग्रंथ येथें विचारास घेतले आहेत : संघरक्षित यांचा ‘आंबेडकर अँड बुद्धिझम’ (१९८६) आणि टेरी पिल्चिक ऊर्फ नागबोधि यांचा ‘जय भीम!’ (१९८८). दोन्ही ग्रंथांस वय झालें आहे. परंतु ज्या कार्याचे ते वाङ्मयीन आधार आहेत तें चालू आहे, त्यासाठीं इंग्लंडांत अद्याप पैसा गोळा होतो, आणि आमच्याकडे या ग्रंथांची चर्चा करतांना ती बहुधा भक्तीनें किंवा संशयानें झालेली दिसते. ग्रंथ म्हणून क्वचितच.

पूर्ववृत्त थोडक्यांत असें. संघरक्षित हे जन्मानें इंग्रज. दुसऱ्या महायुद्धांत सैनिक म्हणून ते हिंदुस्थानांत आले, पुढें भिक्षु झाले आणि कालिंपोंग येथें अनेक वर्षें राहिले. १९६४ सालीं ते इंग्लंडला परतले व १९६७ सालीं लंडनमध्यें त्यांनीं एक बौद्ध संघटना स्थापिली. २०१० पासून ती ‘त्रिरत्न’ या नांवानें ओळखली जाते. त्यांचे एक शिष्य लोकमित्र १९७७ सालीं योगाभ्यासासाठीं पुण्यास यावयास निघाले. वाटेंत ते नागपुरास पोंचले तो नेमका धम्मदीक्षेचा वर्धापनदिन होता. तेथील जनसागर पाहून त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. पुढच्याच वर्षीं ते पुण्यास स्थायिक झाले. त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण ही संस्था, दापोडीच्या वस्तींतील दवाखान्याचें काम आणि मुलामुलींचीं वसतिगृहें हीं त्यांतूनच उभीं राहिलीं. या कामास पैसा पुरविण्याकरितां १९८० सालीं इंग्लंडांत ‘एड फॉर इंडिया’ ही संस्था निघाली. पुढें तिचें नांव ‘करुणा ट्रस्ट’ झालें. ‘मदत’ हा शब्द जाऊन ‘करुणा’ हा शब्द आला. हा बदल केवळ पाटीवरचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

कारण करुणा म्हणजे काय याविषयीं बौद्ध वाङ्मय विलक्षण सावध आहे. बुद्धघोषाचार्यांनीं ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथांत चार ब्रह्मविहारांपैकीं प्रत्येकाचे दोन शत्रु सांगितले आहेत, एक दूरचा व एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रु विहिंसा होय. तो ओळखण्यास श्रम पडत नाहींत. जवळचा शत्रु मात्र दौर्मनस्य, म्हणजे संसारी माणसाची साधी हळहळ. तिचें तोंड करुणेसारखेंच असल्यामुळें ती घरांत शिरते तरी कोणास कळत नाहीं. (या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीसाठीं आमच्या गोमंतकांतील धर्मानंद कोसंबी हार्वर्डला जाऊन राबले, हें वाचकांस स्मरत असेल.) वर्गणीच्या पत्रकावर डोळे पाणावलेल्या मुलाचें चित्र छापणें हें दौर्मनस्याचें आवाहन आहे. तें फलदायी होतें यांत संशय नाहीं. पण त्यास करुणा म्हणूं नये. परदेशी सेवेचें वाङ्मय घांसून पाहण्यास याहून चोख कसोटी आम्हांस माहीत नाहीं, आणि ती त्या लेखकांच्याच परंपरेंतील आहे.

या कसोटीवर संघरक्षितांच्या ग्रंथाचा आरंभींचा भाग शंभर नंबरी उतरतो. बाबासाहेबांच्या आपल्याशीं झालेल्या तीन भेटी त्यांनीं वर्णिल्या आहेत. पहिली १९५२ सालीं मुंबईस, राजगृहांत. तरुण इंग्रज भिक्षु कांहीं मोठी मदत घेऊन आलेला नाहीं. उलट त्याचीच उलटतपासणी होते. महाबोधि सभेचें अध्यक्षपद एका बंगाली ब्राह्मणाकडे कसें, असा सवाल बाबासाहेब त्याला करतात, आणि त्या सभेशीं आपला अधिकाराचा संबंध नाहीं हें त्या बिचाऱ्याला घाईघाईनें सांगावें लागतें. या प्रसंगांत लेखकानें स्वतःला लहान दिसूं दिलें आहे. सेवावाङ्मयांत असा प्रसंग आम्हीं दुसरीकडे फारसा पाहिला नाहीं. येथें ज्याच्यासाठीं काम करावयाचें तो प्रश्न विचारतो आणि काम करणारा उत्तर देतो. वसाहतीच्या अहवालांत हें चित्र नेमकें उलटें असतें.

तिसरी भेट नोव्हेंबर १९५६ मधील, दिल्लीची. बाबासाहेब अतिशय थकलेले, आवाज क्षीण, मस्तक टेबलाकडे झुकलेलें. हें वर्णन थोडक्या रेषांचें आहे आणि म्हणूनच मनांत राहतें. परंतु त्याच्या अखेरीस, आपल्या खांद्यावरचा भार ते जणूं आपल्यावर ठेवूं पाहत होते असा भास झाल्याचें लेखक सांगतो, तेथें आम्ही थबकतों. तसें त्यास वाटलें असेल. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. ६ डिसेंबर रोजीं तो नागपुरांत होता, त्या रात्रीं शोकाकुल जनसमुदायासमोर तो बोलला, आणि पुढचे चार दिवस वस्त्यावस्त्यांतून सभा घेत फिरला, हेंही खरें. तथापि हें पुस्तक त्या भेटीनंतर तीस वर्षांनीं निघालें आहे, आणि तोंपर्यंत लेखकाची स्वतःची संघटना महाराष्ट्रांत रुजली होती. वारसा सांगण्याची गरज असलेल्या माणसाची स्मृति ही साधी स्मृति राहत नाहीं. भार ठेवावयाचा होता तर तो वाहण्यास महाराष्ट्रांत लाखों खांदे उभे होते.

आणखी एक गोष्ट आजच्या वाचकास दृष्टीआड करतां येणार नाहीं. संघरक्षितांच्या शिष्यांशीं असलेल्या लैंगिक संबंधांविषयींच्या तक्रारी १९९७ सालीं एका इंग्रजी दैनिकानें उघडकीस आणल्या, आणि २०१६ च्या अखेरीस, मृत्यूच्या दोन वर्षें आधीं, आपण दुखावलेल्या लोकांविषयीं त्यांनीं जाहीर खेद व्यक्त केला. यामुळें ‘आंबेडकर अँड बुद्धिझम’मधील विवेचन खोटें ठरत नाहीं. परंतु गुरूच्या भोंवतीं आदराचें जें वलय या सर्व वाङ्मयांत पसरलें आहे त्याकडे मात्र निराळ्या डोळ्यांनीं पाहावें लागतें.

हें वलय ‘जय भीम!’मध्यें अधिक दाट आहे. ग्रंथाचें उपशीर्षक ‘शांततामय क्रांतींतून पाठविलेलीं वार्तापत्रें’ अशा अर्थाचें आहे. वार्ताहर रणांगणावर असतो, पण तो लढत नाहीं. पिल्चिक यांची अडचण अशी, कीं ते वार्ताहरही आहेत आणि एका पक्षाचे सैनिकही. तरीही ग्रंथाचें शीर्षक म्हणून त्यांनीं आमच्या वस्त्यांतील रोजचा नमस्कार जसाच्या तसा ठेवला, ही त्यांची दृष्टि आम्हांस मोलाची वाटते. इंग्रज वाचकास कळण्याजोगें एखादें गोड शीर्षक देणें सोपें होतें. ज्यांच्याविषयीं लिहावयाचें त्यांचा शब्द आधीं उच्चारावयाचा, मग त्याचा अर्थ सांगावयाचा, हा क्रम योग्य आहे. मात्र या दोन ग्रंथांनंतर १९९६ सालीं ‘एंगेज्ड बुद्धिझम’ या निबंधसंग्रहांत या कार्याचें जें विद्वन्मान्य विवेचन आलें, त्याचे लेखक ॲलन स्पॉनबर्ग हेही त्याच संघाचे सदस्य. म्हणजे प्रवासवर्णन घरचें आणि परीक्षणही घरचें.

आतां पैशाच्या प्रश्नाकडे. करुणा ट्रस्टचे स्वयंसेवक कांहीं आठवडे एका घरांत एकत्र राहतात, सकाळीं ध्यान करतात आणि सायंकाळीं इंग्लंडांतील शहरांतून दारोदार हिंडून नियमित वर्गणीची विनंति करतात. कोसंबींचें ‘निवेदन’ ज्यांनीं वाचलें आहे त्यांस भिक्षेचा बौद्ध रिवाज ठाऊक आहे. भिक्षु दारांत मुकाट्यानें उभा राहतो, मागत नाहीं. पात्रांत पडेल तें घेतो. या नव्या भिक्षुकाला मात्र बोलावें लागतें, आणि तेंही दुसऱ्याविषयीं. दार उघडणाऱ्या अनोळखी बाईस दोन मिनिटांत पुण्याजवळच्या एका झोंपडपट्टीचें जीवन सांगावयाचें आहे. या दोन मिनिटांत करुणा टिकवणें आणि दौर्मनस्य टाळणें ही अवघड कला होय. हें काम आमच्याही साधनेचा भाग आहे, असें ही मंडळी मोकळेपणीं सांगतात. दात्यानें आपला लाभ कबूल करणें हें चांगलें. उपकाराचा ताठा त्यानें उतरतो. पण त्यांत एक धोकाही आहे. दापोडीचा मुलगा लंडनच्या तरुणाच्या साधनेचें साहित्य होऊन बसतो, आणि साहित्याला कोणी मत विचारीत नाहीं.

यावर असा आक्षेप येईल, कीं गरज असतां असली चिकित्सा ही पोटभरल्याची चैन होय. गरज होती, यांत वाद नाहीं. धर्मांतरितांस महाराष्ट्र राज्यानें सवलती दिल्या, तरी केंद्र सरकारच्या यादींत अनुसूचित जाति म्हणून बौद्धांना स्थान मिळावयास १९९० साल उजाडलें. बाप मजुरीवर, गांवांत शाळा चार यत्तांची, अशा मुलाला तालुक्याच्या ठिकाणीं एक खाट आणि दोन वेळचें जेवण मिळालें तर त्याचें आयुष्य बदलतें. तें परक्याच्या पैशानें बदललें म्हणून नाक मुरडणें आम्हांस शोभणार नाहीं. खुद्द बाबासाहेब १९१३ सालीं सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियास गेले. आणि परत आल्यावर त्याच बडोद्यांत राहावयास जागा मिळेना हेंही त्यांनींच भोगलें. विद्येचें दान मिळालें, तरी प्रतिष्ठा त्याच्यासोबत येतेच असें नाहीं, हें त्यांच्याइतकें कोणास कळणार? म्हणूनच १५ ऑक्टोबर १९५६ रोजींच्या नागपूरच्या भाषणांत, कालच दीक्षा घेतलेल्या निष्कांचन लोकांना त्यांनीं आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यास देण्यास सांगितलें. ज्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें त्यांस त्यांनीं पहिल्याच दिवसांत दाते केलें. परदेशी वर्गणीचा हिशेब या विसाव्या भागाशेजारीं मांडून पाहिला पाहिजे. वसतिगृहांतून शिकून गेलेला मुलगा पुढें काय देतो आणि कारभारांत त्याचा शब्द किती चालतो, हें वर्गणीच्या रकमेहून महत्त्वाचें.

व्यवहारानेंही आतां हेंच सांगावयास आरंभ केला आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दिल्लींतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेंतील खात्यांत घ्यावी लागते, एका संस्थेस ती दुसरीकडे वळवितां येत नाहीं, आणि व्यवस्थापनावर पंचमांशाहून अधिक खर्च करतां येत नाहीं. लहान संस्थांस हें जाचक आहे. परंतु लंडनच्या दारांवर थाप मारून चालणारें वसतिगृह हें दिल्लीच्या एका शिक्क्यावरही अवलंबून असतें, ही गोष्ट कोणत्याही वार्तापत्रांत आली नव्हती.

आमची खरी तक्रार या दोन लेखकांविषयीं नाहीं. त्यांनीं आपल्या ठिकाणाहून जें दिसलें तें लिहिलें. दुसऱ्या बाजूचा ग्रंथ अद्याप आलेला नाहीं. बेबी कांबळे यांचें ‘जिणं आमुचं’ १९८२ सालीं ‘स्त्री’ मासिकांत क्रमशः आलें व १९८६ सालीं, म्हणजे संघरक्षितांच्या ग्रंथाच्याच वर्षीं, पुस्तकरूपानें निघालें. फलटणजवळ निंबुरे येथें या बाईंनीं स्वतः मुलांसाठीं आश्रमशाळा काढली. त्यांच्या पानांवर कोणी हळहळ मागत नाहीं; मागासलेपणाचा दोष द्यावयाचा तेव्हां त्या आपल्याही माणसांस सोडीत नाहींत. ‘जय भीम!’ आणि ‘जिणं आमुचं’ एकापाठोपाठ वाचलीं म्हणजे एका वस्तीचीं दोन दारें उघडतात. वसतिगृहांत वाढलेल्या मुलानें किंवा तेथें भाकरी भाजणाऱ्या बाईनें पाहुण्यांविषयीं लिहिलेलें तिसरें पुस्तक मिळालें तर आम्ही तें या दोहोंच्या आधीं वाचूं.

कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका वसतिगृहाच्या समारंभास (तें कोठचें तें सांगत नाहीं) आम्ही गेलों होतों. हार झाले, गाणीं झालीं, मुलें रांगेनें बसलीं. परदेशी पाहुणीनें, कोणास कांहीं विचारावयाचें आहे काय, म्हणून पृच्छा केली. एक सातवींतला मुलगा उठला आणि मोडक्या इंग्रजींत म्हणाला, “तुमच्या घरीं ताटें कोण घांसतें?” अधीक्षकांचा चेहरा उतरला. बाई हांसल्या नाहींत. त्यांनीं थोडा वेळ विचार केला, आपलें उत्तर दिलें, आणि मग त्या मुलाला त्यांनीं तोच प्रश्न विचारला. दोघांचें बोलणें जेवणाची घंटा होईपर्यंत चाललें होतें. रांग केव्हांच मोडली होती.