‘शेजारी’ या शब्दाच्या बाजूने

दर तीन वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, सामान्य काळातील पंधराव्या रविवारी संत लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उपासनेत येतो आणि चांगल्या शोमरोन्याचा दाखला आमच्या चर्चमधून वाचला जातो. २०२५ साली हा रविवार १३ जुलैला आला होता. त्या आठवड्यात श्रद्धावंतांच्या प्रार्थनांचा जो मसुदा तरुण मंडळींनी आमच्या हाती दिला, त्यात ‘शेजारी’ हा शब्द एकदाही नव्हता. त्याच्या जागी ‘मानवबंधू’ होते, ‘समाज’ होता, ‘अखिल मानवजात’ होती. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. गेली वीस-बावीस वर्षे आमच्याच प्रवचनांतून त्यांनी हे शब्द उचलले आहेत. ‘शेजारी’ हा शब्द आम्हांस फार तोकडा वाटत असे, म्हणून आम्हीच तो हळूहळू बाजूला सारला. तो परत आणावा असे आता वाटते. का वाटते, ते वाचकांपुढे मांडतो.

प्रथम आक्षेप नीट समजून घेऊ, कारण तो खोटा नाही. मूळ ग्रीक शब्द ‘प्लेसिऑन’. त्याचा सरळ अर्थ जवळचा, निकटचा. लॅटिनमधला ‘प्रॉक्सिमुस’ही तोच. ज्या लेवीय पुस्तकातून (१९:१८) ही आज्ञा आली, तेथील हिब्रू शब्दाचा रोख सोबत्याकडे, आपल्या लोकांतल्या माणसाकडे आहे; आणि त्याच अध्यायात पुढे चौतिसाव्या ओवीत परदेशीयावरही तशीच प्रीती करण्यास सांगितले आहे. मराठीतला ‘शेजारी’ मात्र भिंतीला भिंत लागून राहणारा. त्याचे शेजारपण पत्त्यावर ठरते, नात्यावर किंवा कृतीवर नव्हे. उलट ‘जवळचा’ म्हणावे तर मराठीत जवळची माणसे म्हणजे सोयरेधायरे, लग्नकार्याला पुढच्या रांगेत बसणारे. म्हणजे एक शब्द जागेला बांधलेला आणि दुसरा रक्ताला. अनुवादकांनी पहिला पत्करला. आम्हांस तो निर्णय योग्य वाटतो, पण हे कळण्यास आम्हांस एका घरी जावे लागले.

आमच्या धर्मग्रामात एक कुटुंब आहे. संध्याकाळची रोझरी चुकत नाही, दूरच्या पूरग्रस्तांसाठी वर्गणी काढली की यांचे पाकीट पहिले. वाडीच्या बांधावरून शेजारच्या घराशी यांचे अकरा वर्षे बोलणे नाही. दोन्ही घरे एकाच वेदीवरून परमप्रसाद स्वीकारतात, फक्त बाके वेगळी. घर आशीर्वादित करावयास गेलो असता आम्ही मानवजातीवरील प्रीतीविषयी चार शब्द बोललो. घरातील वडीलधाऱ्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, “फादर, मानवजातीशी माझे काही भांडण नाही. भांडण आहे ते या भिंतीपलीकडच्याशी.”

आमच्या प्रवचनकलेवर याहून नेमकी टीका आजवर कोणी केलेली नाही. मानवजातीचे सांडपाणी आपल्या अंगणात येत नाही. मानवजात रात्री उशिरा टेलिव्हिजन मोठा लावत नाही, आंब्याची फांदी आपल्या कौलांवर सोडत नाही. तिच्यावर प्रीती करण्यास काहीच पडत नाही. ‘शेजारी’ म्हटले की लगेच एक विशिष्ट चेहरा समोर येतो, आणि बहुधा तोच चेहरा येतो जो यावयास नको असतो. शब्दाचा तोकडेपणा म्हणून आम्ही ज्याला नाक मुरडले, ते त्याचे बळ होते.

आता दाखल्याकडे वळू. त्यातील क्रियापदांकडे पाहिले तर सारी कथा पायांची आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी वाट सुमारे पंचवीस-सत्तावीस किलोमीटरांत हजार मीटर खाली उतरते. यरीहो तर समुद्रसपाटीच्याही खाली आहे. जखमी माणूस उतरत होता. याजक व लेवी त्याला पाहून दुसऱ्या कडेने निघून जातात. शोमरोनी येतो, पाहतो आणि जवळ जातो. ‘जवळचा कोण?’ या शास्त्र्याच्या प्रश्नाचे उत्तर प्रभूने चालण्यातून दिले आहे. म्हणूनच शेवटी प्रश्न उलटतो: त्या माणसाला शेजारी कोण झाला? मराठी कानाला ‘शेजारी झाला’ हे जरा खटकते. शेजारी असतो, होत नाही. हे खटकणे अनुवादाने घालवू नये, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

याजकाविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आमच्या पेशाची आहे. प्रेताच्या स्पर्शाने विटाळ होईल आणि मंदिरातील सेवा चुकेल म्हणून तो टळला, असा त्याचा बचाव पुष्कळदा केला जातो. लेवीय पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात तसा नियम आहेही. परंतु लूकने स्पष्ट लिहिले आहे की हा याजकही खाली उतरत होता. म्हणजे त्याची पाठ मंदिराकडे होती. शिवाय बेवारस प्रेताला मूठमाती देण्याचे कर्तव्य याजकालाही चुकत नाही, असा निवाडा यहुदी परंपरेच्या मिश्नात आहे. त्याला सबब नव्हती.

आम्हांसही नव्हती. २०१६ पूर्वीची गोष्ट. दुसऱ्या एका गावी सणाची मिस्सा आटोपून रात्री मोटारसायकलने परतताना महामार्गाच्या कडेला एक माणूस आडवा पडलेला दिसला. तो प्यालेला आहे असे आम्ही ठरवले. ‘ठरवले’ हाच शब्द खरा, कारण आम्ही थांबून पाहिले नव्हते. पोलिसांच्या चौकशीचे भयही मनात होते. सकाळी त्याच जागेवरून गेलो, तेथे कोणी नव्हते, आणि त्याचे काय झाले हे आम्ही कोणाला विचारले नाही. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास संरक्षण दिले, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही ते आले. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात अशा मदतनिसाचे नाव शोमरोन्यावरूनच ठेवले आहे. आमची एक सबब अशी सरकारदरबारी निकालात निघाली.

प्राचीन भाष्यकारांत ओरिजेनने शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, सराई म्हणजे चर्च, असे रूपक उलगडून दाखवले. अर्थ सुंदर आहे आणि त्यात आपण सर्व जखमी असल्याचे स्मरण आहे. पण नुसता तोच सांगितला तर श्रोता सराईत पडून राहतो, वाटेवर येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रात याच दाखल्याला संपूर्ण दुसरे प्रकरण दिले. तेथे वाचकाला वाटेवरच उभे केले आहे, हे आम्हांस अधिक मानवते.

शोमरोनी का थांबला, याचे कारण लूक एकाच क्रियापदात देतो, आणि ते क्रियापद आतड्यांवरून आलेले आहे. मराठीत ‘कळवळा’ म्हणतात. चांगला शब्द, पण आमच्या घरोघरच्या बायका म्हणतात ‘आतडे तुटले’, ते ग्रीकच्या अधिक जवळ आहे. हा थांबणारा कोण, हेही विसरू नये. आदल्याच अध्यायात शोमरोन्यांच्या एका गावाने प्रभूला थारा नाकारला होता आणि याकोब व योहान आकाशातून अग्नी पाडावयास निघाले होते. ते ताजे असताना प्रभूने नायक निवडला तो त्याच लोकांतला. शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द अखेरपर्यंत निघत नाही. दया करणारा, एवढेच तो म्हणतो. लगेच पुढे लूक आपल्याला मार्था व मरियेच्या घरी नेतो, प्रभूच्या पायांशी बसवतो. देवावरील प्रीतीची आज्ञा मागे पडली असे कोणी समजू नये म्हणून असावे.

तर त्या रविवारी प्रार्थनांत आम्ही ‘शेजारी’ पुन्हा लिहिला. मिस्सा संपल्यावर ते बांधाचे भांडण असलेले गृहस्थ साक्रिस्तीत आले. प्रवचनाविषयी काही बोलले नाहीत. “फादर, तो शब्द मुळात खरोखर तसाच आहे का?” एवढेच विचारले. आम्ही म्हणालो, अगदी तसाच नाही, मुळात ‘जवळचा’ असा आहे.

थोडा वेळ ते छत्री झटकत उभे राहिले. मग म्हणाले, “हे तर आणखीच कठीण.”